नांव चढाईचें, काम राखणीचें

ज्या घरांतील एखादा मुलगा, पुतण्या किंवा जांवई अमेरिकेंत जाऊन स्थायिक झाला आहे—आणि अशीं घरें आतां आपल्यांत विरळा राहिलेलीं नाहींत—त्या घरांतील वडील मंडळी कधीं तरी पांच-सहा महिने तिकडे राहून येतात. परत आल्यावर तिकडील बर्फ, तिकडील रस्ते आणि तिकडील भाजीबाजार यांचें वर्णन करून झालें, म्हणजे गाडी बहुधा तिकडच्या फुटबॉलवर येऊन अडते. नांव पायाचें, पण चेंडू बहुतेक वेळ हातांत! शिरस्त्राणें घातलेले बावीस अगडबंब पुरुष समोरासमोर उभे राहतात. कोणी तरी ओरडतो. सगळे एकमेकांवर तुटून पडतात. चार-पांच सेकंदांत माणसांचा ढीग होतो, शिटी वाजते, आणि मग पुन्हां अर्धा मिनिट खलबत चालतें. “यांत खेळ तो कोणता?” असा प्रश्न आजोबांनीं नातवाला विचारलेला असतो, आणि नातवानें इंग्रजींत दिलेलें उत्तर आजोबांना अर्धेंच उमगलेलें असतें.

त्या उत्तराचा राहिलेला अर्धा भाग सांगण्याचा या लेखांत विचार आहे. परंतु तो सांगतांना ज्याच्या नांवाच्या टोप्या मुलें घालून हिंडतात अशा एखाद्या तारांकित खेळाडूची कथा आम्ही घेतलेली नाहीं. त्या ढिगाच्या अगदीं तळाशीं जो मनुष्य असतो, त्याची ही हकीकत आहे. कॉलेजांत तो चेंडू अडविणाऱ्या फळींत होता. पोटापाण्याच्या खेळांत आल्याबरोबर त्याला सांगण्यांत आलें, कीं आजपर्यंत शिकलास तें बाजूस ठेव आणि समोरच्या बाकावर जाऊन बैस. तेविसाव्या वर्षीं पुन्हां मुळाक्षरें गिरविण्याचा हा प्रसंग ज्याच्यावर आला, आणि ज्यानें तो पार पाडला, त्याचें नांव जे. आर. स्वीझी.

खेळाची मांडणी

प्रथम खेळाची मांडणी थोडक्यांत समजून घेतली पाहिजे. दोन्ही टोंकांच्या गुणरेषांमधील मैदान शंभर यार्ड लांबीचें असतें. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यानें चार खेपांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें, म्हणजे त्याला आणखी चार खेपा मिळतात. न सरकला तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. असें करीत करीत पलीकडील गुणरेषा ओलांडली, कीं सहा गुण. चेंडू ज्याच्याकडे तो संघ चढाईचा; ज्याच्याकडे नाहीं तो बचावाचा.

आपल्या हुतूतूंत जो गडी चढाई करून येतो तोच दुसऱ्या क्षणीं पकडीला उभा राहतो. अमेरिकन खेळांत तसें नाहीं. तेथें चढाईचे अकरा निराळे आणि बचावाचे अकरा निराळे. चेंडूचा हातबदल झाला, कीं एक अकरा बाहेर जाऊन बाकावर बसतात आणि दुसरे अकरा मैदानांत उतरतात. दोघांचे शिक्षक वेगळे, सराव वेगळे, भाषाहि पुष्कळशी वेगळी. एकाच घरांत राहून दोन चुली मांडलेल्या असाव्या, तसा हा प्रकार आहे.

ही वांटणी मुळापासूनची नव्हे. पूर्वी कॉलेजच्या सामन्यांत गडी बदलण्यावर कडक निर्बंध असत, आणि मैदानांत उतरलेल्या गड्याला चढाई व बचाव हीं दोन्हीं कामें करावीं लागत. १९४१ सालीं हे निर्बंध सैल करण्यांत आले. १९४५ सालीं मिशिगन विद्यापीठाचे शिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर यांना वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघाशीं गांठ घ्यावयाची होती. महायुद्धामुळें त्यांच्यापाशीं बहुतेक कोंवळीं पोरें उरलेलीं. त्यांनीं एक तुकडी केवळ चढाईला आणि दुसरी केवळ बचावाला ठेवून पोरांचा दम राखला. सामना मिशिगननें गमावला, पण युक्ति मात्र जिंकली. थोडक्याच काळांत ती सर्वत्र पसरली. १९५३ सालीं कॉलेजांनीं ती पुन्हां बंद केली, आणि १९६४ पासून पुन्हां मोकळी केली. धंदेवाईक सामन्यांत १९५० पासून गडी बदलण्याची कायमची मुभा मिळाली. त्यानंतर दोन्हीं कामें करणारे गडी जवळजवळ नाहींसे झाले. फिलाडेल्फियाच्या चक बेडनारिक यांनीं १९६० सालच्या अंतिम सामन्यांत वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं दोन्हीं बाजूंना खेळून अजिंक्यपद मिळवून दिलें, त्याची आठवण जुने लोक काढतात ती अशासाठींच, कीं ती जात तेथें संपली.

सारांश, आजच्या काळांत एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर जाणें म्हणजे जवळजवळ धंदाच बदलणें होय.

नांवाची गंमत

येथें एक मौज लक्षांत घेण्यासारखी आहे. चढाईच्या संघांत सर्वांत पुढें पांच भीमकाय गडी ओळीनें उभे असतात. मधला चेंडू मागें देणारा, त्याच्या दोन्हीं अंगांना दोन गार्ड, आणि त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. यांच्या पाठीशीं संघाचा सूत्रधार उभा असतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कोणाला द्यावयाचा, कोठें फेंकावयाचा, हें तो अडीच-तीन सेकंदांत ठरवितो. समोरच्या बचावाच्या फळीचें काम या पांचांना फोडून सूत्रधाराला लोळविणें, किंवा चेंडू घेऊन धांवणाऱ्या गड्याला जागच्या जागीं पाडणें.

म्हणजे पाहा: नांवानें जो बचावाचा गडी, तोच वास्तविक हल्ला चढवितो, आणि नांवानें जो चढाईचा गार्ड, तो मात्र आपल्या माणसांची राखण करतो. या पांचांना सामान्यतः चेंडू घेऊन पळतां येत नाहीं. पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याचीहि त्यांना मनाई असते. त्यांच्या पाठीवर ५० ते ७९ यांमधील अंक असतो, आणि त्या अंकानेंच पंच ओळखतो कीं हा झेल घेण्याच्या अधिकाराचा नव्हे. ज्यावरून सगळा खेळ चालला आहे, त्या चेंडूला ज्यानें जवळजवळ कधींच हात लावावयाचा नाहीं, असा हा चढाईचा गडी! स्वीझी बचावाकडून चढाईकडे गेला असें म्हणतात खरें; पण अर्थ पाहूं गेलें तर तो हल्लेखोराचा राखणदार झाला.

दोनशें पंचविसावा

स्वीझी हा नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील मूर्सव्हिल गांवचा. जन्म १९८९ सालचा. उंची सहा फूट पांच इंच, वजन तीनशें पौंडांच्या घरांत. रॅले शहरांतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांत तो बचावाच्या फळींत खेळे. त्याच काळांत त्या संघाचा सूत्रधार होता रसेल विल्सन. उंचीनें सहा फुटांहूनहि कमी, पण हाताचा व डोक्याचा तेज. २०११ सालीं विल्सन विस्कॉन्सिन विद्यापीठांत निघून गेला, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

दरसालच्या एप्रिलांत तिकडे धंदेवाईक संघांची निवड भरते. बत्तीस संघ पाळीपाळीनें कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना उचलतात. २०१२ सालीं २५३ मुलें निवडलीं गेलीं. पहिल्या कांहीं नांवांना टाळ्या आणि अमाप पैसा. शेवटच्या फेरींतल्यांना केवळ उमेदवारीची संधि. विल्सनला सीॲटलच्या संघानें ७५ वा म्हणून घेतलें. स्वीझीचें नांव आलें तें सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरींत, २२५ वें. तेंहि सीॲटलनेंच घेतलें. परंतु बचावासाठीं नव्हे. तेथील फळीचे शिक्षक टॉम केबल यांना त्याचा गार्ड बनवावयाचा होता.

केबल यांना या मुलांत काय दिसलें? ते स्वतः कॉलेजांत गार्ड म्हणून खेळलेले. पुढें ओकलंडच्या धंदेवाईक संघाचे ते मुख्य शिक्षकहि होते. त्यांच्या पद्धतींत फळीचे पांचहि गडी एकाच दिशेनें, एका तालावर, तिरपे सरकतात. प्रत्येकानें आपल्या समोरचा एक मनुष्य गांठावा असें नसून, जमिनीचा आपापला पट्टा सांभाळावयाचा असतो. त्या सरकण्यांत समोरच्या फळीला कोठें तरी भेग पडते, आणि धांवणारा गडी ती हेरून आंत घुसतो. या पद्धतीला नुसता देहाचा डोंगर उपयोगी पडत नाहीं. मोठ्या देहाला हलके पाय लागतात. आणि असे हलके पाय चढाईच्या फळीपेक्षां बचावाच्या फळींत अधिक सांपडतात, कारण हल्ला करणाऱ्याला चपळाई ही सोडून चालतच नाहीं. मातींत चांगला कस दिसला, कीं पीक बदलून पाहावयास शेतकरी भीत नाहीं. केबल यांनीं तेंच केलें.

विसरणें हेंहि शिक्षणच

परंतु बाहेरून जें इतकें सोपें दिसतें, तें त्या मुलाच्या अंगावर कसें आलें असेल, याचा विचार करावा. नवें शिकणें तितकें अवघड नाहीं; अंगांत मुरलेलें विसरणें फार अवघड.

पहिली गोष्ट हातांची. बचावाच्या गड्याला समोरच्याला ढकलून, हिसडून, बाजूस सारून वाट काढण्याची पुष्कळ मोकळीक असते. गार्डनें हात वापरावयाचे ते समोरच्याच्या छातीच्या चौकटींत. बाहेरून धरलें, ओढलें किंवा कवटाळलें, कीं पंच पिंवळा रुमाल टाकतो आणि सगळ्या संघाला दहा यार्ड मागें जावें लागतें. वर्षानुवर्षें जी पकड हें कौशल्य होतें, ती एका दिवसांत गुन्हा ठरते.

दुसरी गोष्ट पायांची. हल्लेखोर सगळें वजन पुढें टाकून झेपावतो. राखणदाराला सूत्रधाराची पाठराखण करतांना मागें मागें सरकत, गुडघे वांकवून, दोन्हीं पायांवर तोल सारखा ठेवून लढावें लागतें. तो उतावळेपणानें पुढें वांकला, कीं समोरचा बाजूस सरतो आणि हा तोंडावर पडतो. पुढें धांवून जाण्याचीच ज्याच्या रक्ताला संवय, त्याला मागें सरकत लढावयास सांगणें ही केवढी परीक्षा!

तिसरी गोष्ट क्षणाची. चेंडू कोणत्या आरोळीला हलणार, हें चढाईच्या संघाला आधीं ठाऊक असतें. बचावाच्या गड्याला चेंडू हललेला पाहून उठावें लागतें. हा गार्डचा मोठा फायदा. परंतु त्या क्षणापूर्वी तो नुसता चमकला, तरी पांच यार्डांचा दंड. समोरचा मनुष्य डोळ्यांदेखत उसळण्याच्या तयारींत असतांना दगडासारखें निश्चल राहावयाचें, आणि मग डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उठावयाचें!

चौथी गोष्ट मनाची. आणि आमच्या मतें हीच सर्वांत कठीण. बचावाच्या गड्यानें सूत्रधाराला लोळविलें, कीं त्याच्या नांवापुढें एक अंक वाढतो. त्यानें किती जणांना पाडलें, हेंहि मोजलें जातें. तो दहा वेळां फसला आणि अकराव्या वेळीं साधला, तरी अकराव्या वेळेचें कौतुक होतें. गार्डचें गणित नेमकें उलटें. त्यानें साठ वेळां आपला पट्टा सांभाळला, तर त्याची कोठें नोंद नाहीं. एकसष्टाव्या वेळीं चुकला, तर मात्र पंच त्याचा अंक मोठ्यानें पुकारतो आणि हजारों प्रेक्षकांना त्या वेळीं प्रथम कळतें, कीं ६४ अंकाचा कोणी एक गडी मैदानांत आहे. हा ६४ अंक सीॲटलमध्यें स्वीझीचा होता.

जागा गेली, जागा आली

एप्रिलच्या अखेरीस निवड झाली. ९ सप्टेंबर २०१२ रोजीं ॲरिझोनाविरुद्ध हंगामाचा पहिला सामना होता. साडेचार महिन्यांपूर्वी जो गार्ड नव्हताच, तो त्या दिवशीं पहिल्या अकरांत उजवा गार्ड म्हणून उभा होता. त्याच्या मागें सूत्रधाराच्या जागीं कोण? रसेल विल्सन! ज्या वर्गमित्राच्या समोरच्या बाजूला स्वीझी कॉलेजच्या सरावांत वर्षानुवर्षें उभा राही, त्याचीच पाठराखण आतां त्याच्याकडे आली. दोघांचाहि तो पहिलाच धंदेवाईक सामना.

कथा-कादंबरींत येथें विजयाचा डंका वाजला असता. प्रत्यक्षांत सीॲटल तो सामना १६ विरुद्ध २० असें हरलें, आणि समोरच्या कसलेल्या फळीनें नव्या गार्डला चांगलेंच पाणी पाजलें. त्याची जागा गेली. हंगामाचा बराचसा काळ इतर गड्यांनीं ती सांभाळली आणि स्वीझी पुन्हां शिष्याच्या पाटावर बसला.

आमच्या मतें या हकीकतीचा कणा येथें आहे. एवढ्या अपयशानंतर त्याला असें म्हणतां आलें असतें, कीं “मी मुळीं या कामाचा नव्हेच, मला माझ्या जुन्या फळींत जाऊं द्या.” अशा वेळीं आपल्या जुन्या विद्येचा अभिमान मनुष्याला फार गोड बोलून मागें ओढतो. शिक्षकालाहि म्हणतां आलें असतें, कीं प्रयोग फसला. दोघांपैकीं कोणीहि तसें केलें नाहीं. हंगामाच्या अखेरीस उजव्या गार्डची जागा पुन्हां स्वीझीकडे आली, आणि जानेवारी २०१३ मधील बाद फेरीचे सामने तो खेळला. पुढच्या हंगामापासून ती जागा त्याचीच झाली.

सीॲटलचा धांवणारा गडी त्या वेळीं मार्शॉन लिंच हा होता. त्यानें २०१२ सालीं १,५९० यार्ड, २०१३ सालीं १,२५७ यार्ड आणि २०१४ सालीं १,३०६ यार्ड धांव घेतली. हे आंकडे सर्व कोष्टकांत आहेत. यांतील किती यार्डांची वाट उजव्या गार्डनें मोकळी करून दिली, तें मात्र कोणत्याहि कोष्टकांत नाहीं.

२ फेब्रुवारी २०१४ रोजीं न्यू जर्सी येथें अजिंक्यपदाचा सामना झाला. डेन्व्हरच्या संघाचा सूत्रधार पेटन मॅनिंग यानें त्या हंगामांत विक्रमांची रास ओतलेली. परंतु सीॲटलनें त्या संघाला ४३ विरुद्ध ८ असें चारी मुंड्या चीत केलें. २५३ मुलांत २२५ वा निवडला गेलेला, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या जागेचें कामहि ज्याला ठाऊक नव्हतें, तो मुलगा अजिंक्य संघाचा उजवा गार्ड होता.

त्याच्या पुढच्या वर्षीचा अंतिम सामनाहि येथें सांगितला पाहिजे, नाहीं तर हकीकत एकांगी होईल. १ फेब्रुवारी २०१५ रोजीं न्यू इंग्लंडविरुद्ध सीॲटल २४-२८ असें मागें होतें. अर्धा मिनिटहि उरलेला नव्हता. गुणरेषा अवघी एक यार्डावर. आणि संघांत लिंचसारखा धांवणारा. सगळ्यांना वाटलें, चेंडू त्याच्याच हातीं जाणार. वरून आज्ञा आली ती फेंकण्याची. विल्सननें फेंकलेला चेंडू न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर यानें मध्येंच झेलला आणि सामना गेला. ती आज्ञा योग्य होती कीं अयोग्य, यावर तिकडे पुढें कित्येक वर्षें वाद झडले. फळींतल्या पांचांचें मत मात्र त्या क्षणीं कोणी विचारलें नव्हतें, आणि विचारावयाची रीतहि नाहीं. त्यांनीं आपला पट्टा सांभाळावा. यश आलें तर तें वांटून घ्यावें, अपयश आलें तर तेंहि वांटून घ्यावें.

किंमत

आमच्या वाचकांपैकीं जे संसारी आहेत, ते आतां विचारतील, कीं या मुलाच्या हातीं काय आलें? २०१६ सालीं फ्लोरिडांतील टॅम्पा येथील संघानें त्याच्याशीं पांच वर्षांचा, ३ कोटी २५ लक्ष डॉलरपर्यंतचा करार केला. सातव्या फेरींतल्या उमेदवाराला ही रक्कम कांहीं लहान नव्हे. परंतु लक्ष्मी आली ती एकटी आली नाहीं. पाठीच्या दुखण्यामुळें २०१६ चा सबंध हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला. २०१७ सालीं तो खेळला. २०१८ सालीं टॅम्पानें त्याला मोकळें केलें आणि तो पुन्हां सीॲटलला आला. तेथें त्याला डावा गार्ड करण्यांत आलें. उजव्या हातानें लिहिणाऱ्याला डाव्या हातानें लिहावयास सांगावें, तशांतलाच हा प्रकार. पण तोहि त्यानें साधला, आणि त्या हंगामांत धांवेच्या यार्डांत सीॲटलचा संघ साऱ्या लीगमध्यें पहिला आला. पुढें २०१९ व २०२० या सालीं तो ॲरिझोनाकडून खेळला. ज्या संघानें त्याला पहिल्याच दिवशीं पाणी पाजलें होतें, त्याच संघाकडून.

हा खेळ देहाकडून फार कठोर व्याज वसूल करतो, हेंहि लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळें मेंदूला इजा झाल्याबद्दल माजी खेळाडूंनीं लीगवर दावे लावले, आणि २०१३ सालीं लीगनें ७६ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याची तडजोड कबूल केली. परदेशांतल्या नातवाला या खेळाचें वेड लागलें असेल, तर त्याच्या आईबापांनीं ही बाजूहि पाहावी.

स्वीझीसारखी उडी घेणारा तो एकटाच नव्हे. मेन विद्यापीठांत बचावाच्या फळींत खेळणाऱ्या पॅट्रिक रिकार्डला २०१७ च्या निवडींत कोणींच घेतलें नाहीं. बाल्टिमोरच्या संघानें त्याला उमेदवार म्हणून बोलाविलें, आणि तीनशें पौंडांच्या या गड्याला धांवणाऱ्याच्या पुढें वाट फोडीत जाणारा फुलबॅक करून पाहिलें. कांहीं काळ तर तो चढाई व बचाव दोन्हींकडे खेळत होता. जुन्या बेडनारिकची आठवण व्हावी असें दृश्य! २०१९ सालीं बाल्टिमोरच्या संघानें एका हंगामांत ३,२९६ यार्ड धांव घेऊन लीगचा विक्रम मोडला, आणि निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादींत रिकार्डचें नांव आलें.

आपल्याला काय त्याचें?

परदेशांतील एका दांडग्या खेळाची एवढी चर्चा आपल्या घरांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला आमचें उत्तर दोन प्रकारचें आहे.

पहिलें मुलांच्या संबंधानें. आपल्या घरांत मुलाच्या विद्येची शाखा एकदां ठरली, कीं ती दगडावरची रेघ मानण्याची रीत आहे. चार वर्षें एक विषय शिकलेला मुलगा पंचविशीच्या आंत दुसऱ्या कामाला लागतों म्हणाला, कीं “मग इतका खर्च कशाला केला?” हा प्रश्न ओटीपासून माजघरापर्यंत घुमतो. स्वीझीच्या हकीकतीवरून त्या प्रश्नाला उत्तर देतां येईल. त्याची चार वर्षांची जुनी विद्या फुकट गेली काय? हल्लेखोर कोणत्या क्षणीं झेपावतो, कोणत्या खांद्यानें वाट फोडतो, फसवितांना नजर कोठें ठेवतो, हें ज्यानें स्वतः हल्ला करून जाणलें आहे, त्याच्यासारखा राखणदार दुसरा कोण? जें वरवर टाकून दिल्यासारखें दिसलें, तेंच आंतून कामाला आलें असलें पाहिजे. मात्र त्यासाठीं आधीं त्याला तें टाकून देण्याची तयारी दाखवावी लागली. आणि हेंहि विसरतां कामा नये, कीं पहिल्या सामन्यांत पडल्यावर त्याला घरीं पाठविण्यांत आलें नाहीं. पुन्हां उभें राहण्यास अवधि दिला गेला. वडील मंडळींनीं मुलाला द्यावयाची वस्तु कोणती असेल, तर ती हीच.

दुसरें उत्तर घरासंबंधानें. पन्नास पानें एका वेळीं उठणाऱ्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत जें काम चालतें, त्याची टांचणवही कोण ठेवतो? पाहुण्यांच्या पानांत वेळेवर भात पडला, तर त्याचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. आमटींत मीठ कमी पडलें, तर तें मात्र साऱ्या पंक्तीला कळतें. घराचा कर्ता पुरुष निर्धास्तपणें बाहेर नांव कमावतो, कारण त्याच्या आजूबाजूचा पट्टा कोणी तरी—कोणी वहिनी, कोणी धाकटा भाऊ, कोणी विधवा आत्या—न बोलतां सांभाळीत असते. तिकडील मैदानांत निदान त्या पांच जणांना पगार मिळतो, आणि अजिंक्यपद आलें तर अंगठी मिळते. आपल्या घरांतील राखणदारांच्या वांट्याला काय येतें, याचा हिशेब प्रत्येक घरानें आपल्यापुरता करून पाहावा.

पुढच्या खेपेस नातू तिकडून बोलतांना त्या खेळाची गोष्ट काढील, तेव्हां आजोबांनीं चेंडू कोणाकडे गेला हें विचारूंच नये. “ज्यानें वाट करून दिली, त्याचा अंक कोणता होता?” एवढेंच विचारावें. नातू बहुधा क्षणभर थांबेल. मग पडद्याकडे वळून पाहील. आणि आजपर्यंत ज्याच्याकडे त्यानेंहि कधीं पाहिलें नव्हतें, अशा एका मनुष्याला शोधूं लागेल.